वय, मतदान आणि राजकीय सहभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुण मतदार खरोखरच कमी मतदान करतात का?

होय. बहुतेक लोकशाही देशांत आणि बहुतेक निवडणुकांत हेच चित्र दिसते आणि त्याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयोगटातील ५१.४ टक्के नागरिकांनी मतदान केल्याचे सांगितले. ६५ ते ७४ या वयोगटात हेच प्रमाण ७६ टक्के होते. जपानमध्ये २०१७ च्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत विशीतल्या मतदारांपैकी जेमतेम ३४ टक्के मतदान केंद्रापर्यंत पोहोचले, तर साठीतल्या मतदारांपैकी ७२ टक्के. वाद सुरू होतो तो कारणांवरून. ‘तरुण पिढी उदासीन आहे’ हे उत्तर सर्वांत सोपे असल्यामुळे सर्वाधिक वेळा दिले जाते, पण या दरीचा बराचसा भाग मतदारयादी, पत्ता, निवडणुकीची तारीख आणि सवय अशा अगदी रूक्ष गोष्टींतून तयार होतो.

वय वाढेल तसे मतदानाचे प्रमाण सतत वाढत जाते का?

असे मानण्याची पद्धत आहे, पण आलेख तितका सरळ नाही. ज्या देशांत प्रत्येक मतदाराची सरकारी नोंद उपलब्ध असते तिथे त्याचा खरा आकार दिसतो. डेन्मार्कमधील अशा नोंदींच्या अभ्यासात आढळले की नुकतेच १८ वर्षांचे झालेले मतदार हे विशीच्या आरंभीच्या मतदारांपेक्षा अधिक संख्येने मतदान करतात. म्हणजे आलेख आधी खाली येतो आणि मग पुन्हा वर चढू लागतो. जपानने मतदानाचे वय २० वरून १८ वर आणल्यानंतर २०१६ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत १८ वर्षांच्या मतदारांपैकी सुमारे ५१ टक्क्यांनी मतदान केले, पण १९ वर्षांच्यांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपासच राहिले. एका वर्षात कोणाचीही राजकीय जाण इतकी ढासळत नाही. अठराव्या वर्षी बहुतेक जण आईवडिलांच्या घरी असतात आणि घरातले मतदानाला निघाले की तेही निघतात. त्यानंतर शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सुटते, पालकांचा प्रभाव ओसरतो आणि त्याची जागा समवयस्कांचा प्रभाव घेतो, आणि हे समवयस्क स्वतःच कमी मतदान करणारे असतात.

आलेखाच्या दुसऱ्या टोकालाही उतार आहे. साधारण साठी ते सत्तरीच्या दरम्यान मतदान शिखरावर असते. त्यानंतर ढासळती प्रकृती, केंद्रापर्यंतचा प्रवास आणि जोडीदाराचा मृत्यू यांमुळे ते घसरू लागते. अतिवृद्ध स्त्रियांमध्ये ही घसरण अधिक जाणवते, कारण उतारवयात एकट्या राहणाऱ्यांमध्ये त्यांची संख्या जास्त असते. घरून किंवा टपालाने मतदान करण्याची सोय या वयात किती मोलाची ठरते हे वेगळे सांगायला नको.

वयोगटनिहाय आकडेवारीवर कितपत विश्वास ठेवावा?

आकडा कुठून आला ते पाहूनच. मत गुप्त असते, पण मत दिले की नाही ही नोंद गुप्त नसते. मतदान केंद्रावरील यादीत नावापुढे खूण केली जाते. त्यामुळे कोणत्या वयाच्या किती लोकांनी मतदान केले हे नोंदींवरून नेमके काढता येते. कोणत्या वयाच्या लोकांनी कोणाला मत दिले हे मात्र केवळ सर्वेक्षणातूनच कळू शकते. वृत्तपत्रांतील बातम्यांत या दोन प्रकारच्या आकड्यांची सर्रास सरमिसळ होते.

सर्वेक्षणांना आणखी एक जुने दुखणे आहे. मतदान हे कर्तव्य समजले जात असल्यामुळे न केलेले मतदान केल्याचे सांगणारे लोक प्रत्येक पाहणीत सापडतात. शिवाय जे तरुण सर्वेक्षणाला उत्तर देण्यास तयार होतात ते मुळातच राजकारणात अधिक रस असणारे असतात. ब्रिटनमध्ये २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर तरुणांच्या मतदानात प्रचंड उसळी आल्याचे सर्वत्र छापून आले. पुढच्या वर्षी ब्रिटिश निवडणूक अभ्यासाने उत्तरदात्यांची विधाने मतदार नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा तशा उसळीचा पुरावा मिळाला नाही. त्यावर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला की त्या पाहणीतील तरुणांची संख्याच इतकी लहान होती की ठामपणे नकार देणेही धाडसाचे आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले की छोट्या नमुन्यावर मोठी विधाने करणे किती जोखमीचे असते हे समजते.

छेदाकडेही लक्ष द्यावे. टक्केवारी नोंदणीकृत मतदारांपैकी काढली आहे की मतदानास पात्र असलेल्या सर्व नागरिकांपैकी? तरुणांत नोंदणीच कमी असेल तर पहिल्या पद्धतीने काढलेली टक्केवारी खरी दरी झाकून टाकते.

तरुण वयात मतदान कमी होण्याची कारणे कोणती?

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे स्थलांतर. मतदारयादी ही पत्त्याला बांधलेली असते आणि विशीतल्या माणसाचा पत्ता टिकत नाही. वसतिगृह, भाड्याची खोली, नोकरीचे शहर, मग दुसरे शहर. प्रत्येक बदलाबरोबर नाव कमी करणे, नाव घालणे, पत्त्याचा पुरावा देणे हे सोपस्कार नव्याने करावे लागतात आणि त्याची मुदत अनेकदा निवडणुकीचे वारे सुरू होण्याआधीच संपलेली असते. चाळीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्या माणसाला हा खटाटोप आयुष्यात एकदाच करावा लागतो. या दोघांच्या मतदानातील फरकाला आपण ‘जबाबदारीची जाणीव’ म्हणून मोकळे होतो, हे फारसे न्याय्य नाही.

दुसरे कारण माहितीचे आहे. नाव यादीत कसे शोधायचे, केंद्र कोठे आहे, कोणती ओळखपत्रे चालतात, आत गेल्यावर काय करायचे, हे पहिल्या वेळी सगळेच अनोळखी असते. त्यातच, परिसरात नवा असलेल्या मतदाराला तिथल्या उमेदवारांची आणि प्रश्नांची ओळख नसते, आणि ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ ही भावना त्याला केंद्रापासून दूर ठेवते.

तिसरे कारण पक्षांच्या हिशेबात आहे. प्रचाराचा वेळ आणि पैसा मर्यादित असल्याने कार्यकर्ते अशाच दारांवर जातात जिथे मत मिळण्याची शक्यता आहे, म्हणजे ज्यांनी मागच्या वेळी मतदान केले त्यांच्या दारांवर. तरुण मतदान करत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कोणी जात नाही, आणि कोणी येत नाही म्हणून ते मतदान करत नाहीत. या चक्राचा दोष केवळ एका बाजूवर टाकता येत नाही.

लग्न, मुले, स्वतःचे घर, स्थिर नोकरी अशा जबाबदाऱ्या आल्या की माणूस आपोआप मतदार बनतो, अशी एक लोकप्रिय उपपत्ती आहे. तिच्यात तथ्य असले तरी ते अपेक्षेपेक्षा कमी आहे. या टप्प्यांचा मतदानावरील परिणाम स्वतंत्रपणे तपासला असता तो मर्यादित आढळतो, आणि काही टप्पे, उदाहरणार्थ घरात तान्हे मूल असणे, उलट अडचणच निर्माण करतात.

मतदान ही सवय आहे असे म्हणतात, त्याला पुरावा काय?

पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे, आणि तो मिळवण्याची रीत चतुर आहे. निवडणुकीच्या आदल्या दिवशी १८ वर्षे पूर्ण करणारा आणि निवडणुकीनंतर दुसऱ्या दिवशी १८ वर्षे पूर्ण करणारा, या दोघांत जन्मतारखेखेरीज सरासरी काहीच फरक नसतो. त्यांपैकी पहिल्याला मतदानाची संधी मिळते, दुसऱ्याची हुकते. अशा जवळजवळ जुळ्या गटांची पुढच्या निवडणुकांत तुलना केली असता, आधी संधी मिळालेल्या गटात काही वर्षांनंतरही मतदान थोडे अधिक आढळते. परिणाम फार मोठा नसतो, पण तो केवळ एका योगायोगाच्या तारखेतून निर्माण झालेला असतो, हे त्याचे महत्त्व. अमेरिकेत घरोघर जाऊन मतदानाचे आवाहन करण्याच्या प्रयोगांतही असेच दिसले आहे: त्या आवाहनामुळे एकदा मतदान केलेले लोक पुढच्या निवडणुकीत, कोणी पुन्हा आवाहन केलेले नसतानाही, अधिक प्रमाणात केंद्रावर आले.

ज्येष्ठांच्या मोठ्या टक्केवारीमागे अशा अनेक निवडणुकांची साठलेली सवय असते.

हा वयाचा परिणाम आहे की पिढीचा?

हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला निर्विवाद उत्तर नाही. आजचे २५ वर्षांचे लोक कमी मतदान करतात यामागे तीन शक्यता असू शकतात. एक, पंचविशीत सगळेच कमी मतदान करतात आणि हेही पुढे सुधारतील. दोन, ही पिढीच वेगळी आहे आणि ती साठीतही कमी मतदान करील. तीन, या निवडणुकीत किंवा या काळात असे काही घडले की सर्वांचेच, विशेषतः तरुणांचे, मतदान बदलले. अडचण अशी की जन्मवर्ष आणि चालू वर्ष माहीत असले की वय ठरूनच जाते. तिन्हींपैकी दोन गोष्टी ठरल्या की तिसरी स्वतंत्र राहत नाही. त्यामुळे एकाच वेळी केलेल्या कोणत्याही पाहणीतून हे तीन परिणाम वेगळे काढता येत नाहीत, आणि अनेक पाहण्या एकत्र केल्या तरी काहीतरी गृहीत धरावेच लागते.

त्यावरचा एक कष्टाचा मार्ग म्हणजे त्याच माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा. अमेरिकेत १९६५ साली शाळेच्या अखेरच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची मुलाखत घेण्यात आली आणि त्याच विद्यार्थ्यांना १९७३, १९८२ व १९९७ मध्ये पुन्हा गाठण्यात आले. अशा अभ्यासांतून वाढत्या वयाचा परिणाम खरा असल्याचे दिसते. परंतु अनेक पाश्चात्त्य देशांत १९७० नंतर मतदार झालेल्या पिढ्यांनी आधीच्या पिढ्यांपेक्षा खालच्या पातळीवरून सुरुवात केली, याचेही पुरावे आहेत.

काळाचा परिणाम किती झपाट्याने दिसू शकतो याचे उदाहरणही अमेरिकेचेच. अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या २०१४ या वर्षी १८ ते २९ वयोगटातील मतदान १९.९ टक्के होते. तशाच स्वरूपाच्या २०१८ च्या निवडणुकीत ते ३५.६ टक्क्यांवर गेले. चार वर्षांत ना पिढी बदलली, ना विशी. बदलली ती राजकीय परिस्थिती.

स्थानिक निवडणुकांत ही दरी अधिक रुंद का असते?

कारण निवडणूक जितकी कमी गाजते तितके मतदान केवळ सवयीच्या मतदारांपुरते उरते. वर उल्लेखलेल्या २०१४ च्या निवडणुकीत १८ ते २९ आणि ६५ वर्षांवरील या गटांतील अंतर सुमारे ३९ टक्केबिंदू होते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते २५ च्या आसपास आले. स्थानिक निवडणुका राष्ट्रीय निवडणुकांच्याच दिवशी घेतल्या तर हे अंतर बरेच आक्रसते.

नियम बदलून ही दरी कमी करता येते का?

येते, पण सगळे उपाय सारख्याच ताकदीचे नाहीत.

नोंदणी सरकारनेच आपणहून केली की तरुणांवरील मोठा भार उतरतो. स्वीडनमध्ये लोकसंख्या नोंदवहीतूनच मतदारयादी तयार होते, संसद, प्रांत आणि नगरपालिका यांच्या निवडणुका एकाच रविवारी होतात, आणि तिथे १८ ते २४ वयोगटातही मतदान ८० टक्क्यांच्या वर जाते. अर्थात श्रेय एकट्या नोंदणीला देता येणार नाही. प्रमाणशीर प्रतिनिधित्व (पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा) आणि शाळांतून होणाऱ्या अभिरूप निवडणुका यांचाही त्यात वाटा असावा. अमेरिकेतील मिनेसोटासारख्या ज्या राज्यांत मतदानाच्या दिवशीच नोंदणी करता येते, तिथे त्याचा लाभ मुख्यतः तरुण आणि नुकतेच घर बदललेले लोक घेतात. भारतात पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख असल्याने २ जानेवारीला १८ पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या कायदादुरुस्तीने वर्षातून चार पात्रता तारखा केल्या. बदल लहान दिसतो, पण सवयीविषयीच्या उत्तरात जे म्हटले आहे ते लक्षात घेता तो दुय्यम नाही.

सक्तीचे मतदान हा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत वादग्रस्त उपाय. ऑस्ट्रेलियात १९२४ च्या कायद्यानंतर मतदान १९२२ मधील ५९ टक्क्यांवरून १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. जवळजवळ सगळेच मतदान करू लागले की वयातील अंतराला जागाच उरत नाही. चिलीचा अनुभव तर या विषयाचा धडाच आहे. तिथे पूर्वी मतदान सक्तीचे, पण नोंदणी ऐच्छिक होती. हुकूमशहा पिनोशे यांची सत्ता पुढे चालू ठेवावी का, यावरील १९८८ च्या सार्वमतावेळी लोकांनी उत्साहाने नावे नोंदवली, मात्र त्यानंतर सज्ञान झालेल्यांपैकी अनेकांनी नोंदणीच टाळली, कारण एकदा नाव घातले की मतदान टाळल्यास दंड. परिणामी मतदारयादी वर्षानुवर्षे म्हातारी होत गेली. २०१२ पासून नोंदणी आपोआप आणि मतदान ऐच्छिक करण्यात आले, तेव्हा मतदान निम्म्याहून खाली आले. २०२२ च्या घटनाविषयक सार्वमतात मतदान पुन्हा सक्तीचे झाले आणि सुमारे ८६ टक्के लोकांनी मत दिले. सक्ती असावी की नसावी हा मूल्यांचा प्रश्न आहे. ती लागू केल्यास टक्केवारी वाढते, हा मात्र वादाचा मुद्दा राहिलेला नाही.

नियम उलट दिशेनेही काम करतात. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र आवश्यक केले, तेव्हा ज्येष्ठांचा बसपास ग्राह्य धरला गेला, परंतु तरुणांचे रेल्वे सवलतपत्र धरले गेले नाही.

मतदानाचे वय १६ करणे उपयुक्त ठरते का?

ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने १६ व १७ वर्षांच्या नागरिकांना ऐच्छिक मताधिकार दिला. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये, अर्जेंटिनाने २०१२ मध्ये आणि माल्टाने २०१८ मध्ये मतदानाचे वय १६ केले. या निर्णयाला विरोध करणाऱ्यांची भीती अशी होती की इतकी लहान मुले मतदानाला येणारच नाहीत. ऑस्ट्रियातील मतदारयाद्यांवरून झालेल्या अभ्यासात मात्र १६-१७ वर्षांच्या मतदारांचे प्रमाण १८ ते २० वर्षांच्या मतदारांपेक्षा अधिक निघाले. स्कॉटलंडच्या २०१४ च्या स्वातंत्र्य सार्वमतात एकूण मतदान ८४.६ टक्के झाले आणि त्यानंतरच्या पाहणीत १६-१७ वर्षांच्या ७५ टक्के, तर १८ ते २४ वयोगटातील ५४ टक्के लोकांनी मतदान केल्याचे सांगितले. हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत, म्हणून नेमकेपणाविषयी शंका ठेवावी, पण दोन गटांमधील फरकाची दिशा ऑस्ट्रियाशी जुळते. कारण आधी आलेच आहे: सोळाव्या वर्षी घर, शाळा आणि पत्ता तिन्ही स्थिर असतात. पहिली निवडणूक नेमकी आयुष्याच्या सर्वांत अस्थिर टप्प्यावर ठेवणे हा १८ वर्षांच्या मर्यादेचा दोष म्हणता येईल. या मुलांची राजकीय परिपक्वता पुरेशी आहे का, हा प्रश्न मात्र टक्केवारीने सुटत नाही.

मतदान न करणारे तरुण राजकारणापासूनच दूर असतात का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. निदर्शने, स्वाक्षरी मोहिमा, वस्तूंवर बहिष्कार, समाजमाध्यमांवरील लेखन आणि वाद या प्रकारांत तरुणांचा सहभाग ज्येष्ठांइतका किंवा त्यांच्याहून अधिक असतो. पक्षाचे सदस्यत्व, लोकप्रतिनिधीशी पत्रव्यवहार आणि देणग्या यांत ज्येष्ठ पुढे असतात. ग्रेटा थुनबर्गने ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू केलेले हवामान आंदोलन वर्षभरात जगभर पसरले, तेव्हा त्यातील असंख्य सहभागींना मताधिकारही नव्हता. बांगलादेशात २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध सुरू झालेल्या विद्यार्थी आंदोलनाने सरकार कोसळले. ज्या पिढीला उदासीन म्हणायचे तिनेच सत्तांतर घडवावे, यात ‘उदासीन’ या निदानाची मर्यादा स्पष्ट होते.

मात्र आंदोलन हे मतदानाला पर्याय आहे, असे समजणेही चुकीचे. निदर्शनांत भाग घेणारे तरुण बहुतांशी मतदानही करतात. जे मतदान करत नाहीत त्यांतील मोठा गट इतर कोणत्याही मार्गानेही राजकारणात दिसत नाही.

समाजमाध्यमांमुळे मतदान वाढते का?

थोडेसे, आणि तेही ओळखीच्या माणसांमुळे. २०१० च्या अमेरिकन निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी वापरकर्त्यांवर प्रयोग केला. केवळ माहिती देणाऱ्या संदेशाचा प्रभाव जवळजवळ शून्य होता. मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे ज्यात दिसत होते त्या संदेशाचा परिणाम लहान पण मोजता येण्याजोगा होता.

ज्येष्ठांचे मतदान अधिक असल्यामुळे धोरणे त्यांच्याकडे झुकतात का?

अंकगणित त्या दिशेला बोट दाखवते. समजा, दोन वयोगटांची लोकसंख्या अगदी समान आहे, पण एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ८० टक्के मतदान होते. तर पेटीतील मतांत दुसरा गट पहिल्याच्या दुप्पट होतो. लोकसंख्याच वृद्ध होत असेल तर हे वजन दोनदा मोजले जाते. जपानमध्ये या स्थितीला ‘सिल्व्हर डेमोक्रसी’ असे नावच पडले आहे.

तरीही निष्कर्ष जपून काढावा. ज्येष्ठ केवळ निवृत्तिवेतनाचा आणि तरुण केवळ शिक्षणशुल्काचा विचार करतात, असे मानायला आधार नाही. नातवंडांच्या शिक्षणाची काळजी असणारे आजी-आजोबा आणि आईवडिलांच्या औषधोपचाराची काळजी असणारी मुले दोन्हीकडे आहेत. बहुतेक प्रश्नांवर वयापेक्षा उत्पन्न, शिक्षण आणि पक्षनिष्ठा यांवरून होणारी विभागणी मोठी असते. ब्रेक्झिटसारखे विषय अपवाद ठरतात. २०१६ च्या सार्वमतानंतरच्या पाहण्यांत बहुसंख्य तरुण युरोपीय संघात राहण्याच्या आणि बहुसंख्य ज्येष्ठ बाहेर पडण्याच्या बाजूने होते.

तरुण लोकप्रतिनिधी किती आहेत?

फारच थोडे. आंतर-संसदीय संघाच्या नोंदींनुसार जगातील संसद सदस्यांपैकी तिशीच्या आतले ३ टक्क्यांहूनही कमी आहेत. काही ठिकाणी कायदाच आड येतो: इटलीत सिनेटसाठी मतदान करण्याचे वय २०२१ मध्ये २५ वरून १८ झाले, पण सिनेटर होण्यासाठी आजही ४० पूर्ण असावी लागतात. दक्षिण कोरियाने मात्र २०२१ च्या अखेरीस उमेदवारीचे वय २५ वरून थेट १८ वर आणले.

सगळे तरुण या बाबतीत सारखेच असतात का?

नाही, आणि वयोगटाची सरासरी सर्वांत जास्त काही लपवत असेल तर हेच. एकाच वयाच्या तरुणांत उच्च शिक्षण घेतलेले आणि शाळा अर्ध्यावर सुटलेले यांच्या मतदानात जे अंतर असते, ते अनेक देशांत तरुण आणि ज्येष्ठ यांच्यातील अंतराइतके भरते. महाविद्यालयात असणाऱ्यांपर्यंत नोंदणी मोहिमा, विद्यार्थी संघटना आणि राजकीय चर्चा आपोआप पोहोचतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी कामाला लागलेल्यापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही आणि मतदानाच्या दिवशी सुटी मिळेल की नाही याचीही त्याला खात्री नसते. आईवडील मतदान करणारे असतील तर मुलेही करतात, त्यामुळे हे अंतर एका पिढीतून दुसरीत जाते. म्हणूनच तरुणांसाठीच्या मोहिमा महाविद्यालयांच्या आवारात भरवल्या की एकूण टक्केवारी किंचित वाढते, पण तरुणांमधली ही आतली दरी आहे तशीच राहते, कधी कधी तर आणखी रुंदावते.